वकीलबाईंचा खडखड्या

मित्रांनो, आवाज करतो म्हणून तीन ठिकाणांहून हाकललेला आणि शेवटी त्याच आवाजामुळे नोकरीला लागलेला पंखा तुम्ही पाहिला आहे का? नसेल तर जरा मान वर करा. कपाटावर, जुन्या फायलींच्या गठ्ठ्याशेजारी, डोक्यावर फडकं घेऊन बसलेला जुना टेबल पंखा म्हणजे मी. माझी गोष्ट सांगायला मी एका पायावर तयार आहे. नाहीतरी मला पाय एकच आहे.

पण एक अट आहे. माणसांची नावं विचारायची नाहीत. मी ज्या खोलीत आयुष्य काढलं, तिथे ऐकलेलं बाहेर सांगायची पद्धत नाही. पुष्कळ ऐकलं आहे मी, पण तुम्ही कितीही गोड बोललात तरी त्यातलं अवाक्षर काढणार नाही. ही एकच गोष्ट सांगतो, कारण ती पुढे भर कोर्टात सगळ्यांसमोर आली.

माझा जन्म पत्र्याच्या एका शेडमध्ये झाला. पाती बसवणारा कारागीर मोठा हुशार होता, पण त्या दिवशी नेमका त्याला मुलगी झाल्याचा निरोप आला. आनंदाच्या भरात माझं एक पातं किंचित तिरकं बसलं. तपासनीसाने मला लावून पाहिलं, कानावर हात ठेवले आणि म्हणाला, "वारा देतो ना? मग झालं तर." कारागिरावर मी कधी रागावलो नाही. त्या दिवशी त्याचं लक्ष माझ्याकडे राहिलं असतं तरच नवल.

पुढे मात्र माझे हाल झाले. केस कापायच्या दुकानात मला नेलं, तर "मागचे राहू द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचं डोकं मागून साफ झालं. शिकवणीच्या वर्गात ठेवलं, तर बाईंनी साठ सांगितले की मुलं आठ लिहायची. एका आजोबांनी मला घरी नेलं आणि दुसऱ्याच दिवशी, "याच्यापेक्षा उकाडा बरा," म्हणत परत आणलं. दुकानदाराने मला आतल्या फळीवर टाकून दिलं. लोकांना माझा वारा हवा होता, पण मी नको होतो.

अशात एक दिवस वकीलबाई दुकानात आल्या. तेव्हा त्या नव्या नव्या वकील झाल्या होत्या. त्यांनी सगळे चकचकीत पंखे लावून पाहिले आणि विचारलं, "याहून जास्त आवाज करणारा नाही का?" दुकानदाराला वाटलं, बाई चेष्टा करतात. तरी तो धूळ झटकत मला घेऊन आला. मी दोन फेरे फिरलो असेन नसेन, बाईंनी टाळीच वाजवली. "हाच! बांधून द्या."

मित्रांनो, मला कोणी ‘हाच’ म्हणायची ती पहिलीच वेळ होती.

बाईंची खोली कोर्टासमोरच्या लांबलचक इमारतीत होती. खोली कसली, मध्ये प्लायवूड ठोकून एका खोलीचे केलेले दोन तुकडे! पुढच्या तुकड्यात बाकडं होतं. तिथे अशील, म्हणजे ज्यांची कामं बाई चालवत ती माणसं, आपली पाळी येईपर्यंत बसत. मागे बाईंचं टेबल. मधली भिंत इतकी पातळ, की आत कोणी शिंकलं तर बाहेरचा माणूस रुमाल पुढे करायचा. मग तिथे कोणी मन मोकळं कसं करणार? म्हणून अशील आत येऊन बसला, की बाई आपल्या कारकुनाला हाक मारत, "काका, पंखा." काका बटण दाबत आणि मी सुरू होई. खड् खड् खड् खड्! बाहेर बसलेल्याला माझ्याशिवाय काही म्हणता काही ऐकू जात नसे. मला खडखड्या हे नावही काकांनीच ठेवलं.

थंडीतसुद्धा मला सुट्टी नव्हती. शाल गुंडाळून, दात वाजवत लोक आपली गुपितं सांगत. नवा माणूस काकुळतीला येई, "बाई, पंखा जरा बंद करता का?" बाई म्हणत, "थंडी सोसा. बाहेर गेलेला शब्द परत येत नाही." शेजारच्या खोलीतल्या वकीलसाहेबांचं माझ्यामुळे डोकं उठे. त्यांच्यात आणि बाईंच्यात छत्तीसचा आकडा होता. माझ्याविरुद्ध त्यांनी सात लेखी तक्रारी केल्या होत्या, आणि काकांनी त्या सातही तारीखवार फायलीला लावल्या होत्या.

बाई म्हणत, वकिलाशी एकांतात बोलता येणं ही कोणाची मेहेरबानी नाही, तो माणसाचा हक्क आहे. निरनिराळ्या देशांनी एकत्र बसून वकिलांच्या कामाबद्दल काही तत्त्वं मान्य केली आहेत, त्यांत हे लिहिलेलं आहे. वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं गुप्त राहिलं पाहिजे. काम केलं म्हणून वकिलाला कोणी धमकवायचं नाही. आणि चोराचा खटला चालवला म्हणून वकिलाला चोर म्हणायचं नाही. कागदावर हे सगळं फार छान होतं. पण कागदाने प्लायवूड जाड होत नाही, म्हणून मी होतो.

अशी माझी वर्षं चांगली चालली होती. मग आमच्याकडे एक शिकाऊ मुलगी आली. वकिलीची परीक्षा ती पास झाली होती, पण सनद, म्हणजे वकिली करायची परवानगी, मिळायला तिला एक वर्ष बाईंच्या हाताखाली काम करायचं होतं. ही मुलगी दिसेल ते वहीत टिपून घ्यायची. बाई खोकल्या तरी लिहील असं काका म्हणायचे. त्यांनी तिला नाव ठेवलं टिपण. टिपण लाघवी होती. सकाळी आली की आधी माझी जाळी पुसायची आणि म्हणायची, "काय खडखडेराव, आज कसा आहे घसा?" माझ्या आयुष्यात माझी चौकशी करणारी ती पहिली. मी तिच्यावर जीव टाकायचो, खोटं कशाला सांगू?

आणि तिने माझ्यावर जीव टाकला, तिथेच घोटाळा झाला.

बाई चार दिवस बाहेरगावच्या कोर्टात गेल्या होत्या आणि काका आपल्या लेकीकडे. टिपणला वाटलं, बाई परत येतील तेव्हा त्यांना खूश करावं. तिने मला कडेवर घेऊन मेकॅनिककडे नेलं. त्याने माझं पातं सरळ केलं, सगळे स्क्रू आवळले, पोटात तेल घातलं. बटण दाबलं आणि काय सांगू! मी फिरतो आहे की नाही, हे माझं मलाच कळेना. टिपण टाळ्या पिटत म्हणाली, "आता बघा बाई किती खूश होतात!" मीही फुशारलो. जन्मात पहिल्यांदा मी शहाण्या पंख्यासारखा वागत होतो. आवाज कशासाठी आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. बाईंना आणि काकांना ती गोष्ट इतकी अंगवळणी पडली होती, की नव्या माणसाला सांगायची असते हे दोघांच्या ध्यानातच आलं नाही. अहो, कमाल आहे! बाकी सगळं शिकवलं तिला.

बाई परत आल्या त्या सर्दी घेऊन. कानांना दडे बसले होते. काकाही परतले होते, पण दारापासून लांब, मागच्या मोरीपाशी चहा करत होते. आणि बाकड्यावर बटणवाली वाट पाहत बसली होती.

बटणवाली कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायची. महिन्यापूर्वी तिथल्या इस्त्रीच्या खोलीत आग लागली होती आणि मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. बायका कशाबशा पुढून निसटल्या. बटणवालीने कुलपाची तक्रार केली, तर मालकाने उलट तिच्यावरच फिर्याद ठोकली, की हिनेच बायकांना भडकवून यंत्रं मोडली. आता पोलीस तिच्यामागे होते.

बाईंनी तिला आत घेतलं आणि म्हणाल्या, "पंखा लाव ग." टिपणने मला लावलं. मी झुळझुळ वारा देऊ लागलो. दडे बसलेल्या बाईंना आवाजाचा फरक कळलाच नाही. त्या म्हणाल्या, "जरा मोठ्यानं बोल, मला आज ऐकू येत नाही." आणि बटणवाली मोठ्याने बोलली. चौघीजणींनी चौकीदाराला कुलूप लावताना पाहिलं होतं. चौघी साक्ष द्यायला तयार होत्या, पण मालकाला आधीच कळलं तर त्यांना कामावरून काढतील, धमकावतील, म्हणून त्यांची नावं अजून फुटता कामा नयेत. "नावं सांगू नकोस, हिच्या वहीत लिहूनच दे," बाई म्हणाल्या. बटणवालीने टिपणच्या वहीत चार नावं लिहिली.

माझी मान भिंतीकडून टेबलाकडे आणि टेबलाकडून भिंतीकडे फिरत होती. बाहेर बाकड्यावर एक माणूस बसला होता. शपथपत्र करायचं आहे असं तो काकांना म्हणाला होता. शपथपत्र न करताच तो उठून गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी फौजदारसाहेब स्वतः समन्स घेऊन आले.

"मॅडम, तुम्ही बसा. तुमच्याकडे काही काम नाही. हे या मुलीसाठी आहे."

समन्समध्ये लिहिलं होतं, की सदर वकिलांच्या कार्यालयात बसणारी खासगी इसम हिने आपली वही आणि तीतील चार नावे तपासासाठी हजर करावीत. काकांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. "खासगी इसम? आमची टिपण इसम?"

"ती माझी शिकाऊ आहे," बाई म्हणाल्या. "या खोलीत ती जे ऐकते ते माझ्यासाठी ऐकते."

"सनद आहे तिला?"

"सहा महिन्यांनी मिळेल."

"म्हणजे आज नाही. वकिलाचं संरक्षण वकिलाला. ही साधी साक्षीदार." मग ते टिपणकडे वळले आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, "बाळ, सनदेच्या अर्जाला चारित्र्याचा दाखला लागतो. तो आमच्या टेबलावरून जातो. उगाच कशाला अडकतेस? वही दे, मोकळी हो."

टिपणने वही छातीशी धरली. "साहेब, वही माझी आहे, पण आतलं माझं नाही. मी कसं देऊ?"

"सोमवारी हेच कोर्टात सांग," म्हणून फौजदार गेले.

मग बाई हळूच म्हणाल्या, "चौघी आहेत आणि वहीत लिहिलंय, हे यांना कळलं कसं?" काकांच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, त्यांनी उठून माझं बटण दाबलं. मी फिरू लागलो. आवाज नाही. काका माझ्याकडे बघतच राहिले. टिपणला रडू फुटलं. "बाई, मी त्याला दुरुस्त करून आणलं. तुम्हाला आवडेल म्हणून."

मित्रांनो, मला त्या वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, वायर जळून जावी आपली. बाईंनी टिपणला जवळ घेतलं. "वेडे, तुझी चूक नाही. सांगायचं मीच विसरले. एवढी भाषणं देते मी गुपितांवर, आणि हा पंखा का खडखडतो ते नाही सांगितलं!"

काका मला उचलून तरातरा मेकॅनिककडे गेले. "याचा आवाज परत घालून द्या."

"काय म्हणालात?"

"अहो, आवाज! आधी होता तसा. जमलं तर थोडा जास्त."

मेकॅनिक म्हणाला, "काका, इतकी वर्षं धंदा करतोय, असं गिऱ्हाईक नाही पाहिलं." पण त्याने माझं पातं वाकवलं, दोन स्क्रू सैल केले आणि मी पुन्हा खडखडू लागलो. बरं वाटलं, पण झालेलं थोडंच भरून येणार होतं?

सोमवारपर्यंतचे दिवस वाईट गेले. टिपणच्या आईचा रोज फोन यायचा. आई पाळणाघर चालवून मुलीला शिकवत होती. पलीकडून मुलांचं रडणं आणि त्यात आईचा आवाज. "अगं, पाच वर्षं शिकलीस. दाखला अडकला तर सगळं पाण्यात. देऊन टाक ना ती वही!" टिपण नुसतं "हो आई, जेवले आई" म्हणायची. बाई तिला म्हणाल्या, "तू काहीही ठरव, मी रागावणार नाही. पण ठरव तूच."

रविवारी बटणवाली आली. बसलीसुद्धा नाही. "बाई, माझ्यापायी या पोरीचं वाटोळं नको. गुपित माझं आहे ना? मग मीच सांगते, देऊन टाका नावं."

कायद्याने अशील तसं म्हणू शकतो, हे बाईंना ठाऊक होतं. पण टिपणच आधी बोलली. "ताई, तुमचं तुम्ही सांगू शकता. पण त्या चौघींना विचारलंत का?"

"नाही."

"एकीचा नवरा अंथरुणाला खिळलाय, तुम्हीच म्हणालात. तिची नोकरी गेली तर?"

"मग तुझं काय ग?"

"माझं बघू. मी आहे ना इथेच."

बटणवालीने टिपणचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. वकीलबाई आपला चष्मा शोधू लागल्या. तो त्यांच्या डोक्यावरच होता.

कोर्टात काय झालं ते मी पाहिलं नाही, पण संध्याकाळी काकांनी ते खोलीत सगळ्यांची सोंगं काढून करून दाखवलं. फौजदार झाले की पोट पुढे काढत, न्यायाधीश झाले की बाईंच्या खुर्चीत बसत. कोर्ट खच्चून भरलं होतं म्हणे. आमच्या इमारतीतला एकूण एक वकील काळा कोट घालून भिंतीला उभा होता. बाईंनी त्या तत्त्वांचं बाड पुढे ठेवलं आणि म्हणाल्या, की वकील एकटा काम करत नाही. त्याचा कारकून, त्याचा दुभाषी, त्याचा शिकाऊ यांच्यातला एक जरी फोडता आला, तर अशिलाच्या हक्काला अर्थच उरत नाही.

मग मागून कोणीतरी उठलं. पाहतात तो काय, शेजारचे वकीलसाहेब! "महाराज, या बाईंशी माझं पटत नाही. त्यांच्या पंख्याबद्दलची माझी तक्रार अजून कायम आहे. पण माझ्याकडेही दोन शिकाऊ आहेत. आज हिची वही उघडली, तर उद्या त्यांची मागतील. मग आमच्याकडे खरं बोलायला येणार कोण?"

न्यायाधीशांनी फौजदारांना विचारलं, "ही मुलगी त्या खोलीत काय करत होती?"

"टिपणं घेत होती, महाराज."

"कोणासाठी?"

"वकीलबाईंसाठी."

"मग ती खासगी कशी?"

इथे काका न्यायाधीशांच्या खुर्चीतून उठून नाचायचेच बाकी राहिले होते. समन्स रद्द झालं. वही उघडायची नाही, आणि या कारणावरून मुलीचा दाखला अडवायचा नाही, असा हुकूम झाला. टिपणने आईला फोन लावला, पण तिला बोलताच येईना. शेवटी काकांनी फोन घेतला आणि तेही रडू लागले. पलीकडे आईला वाटलं, हरलो. तिची समजूत घालता घालता बाईंच्या नाकी नऊ आले.

दोन दिवसांनी, दुपारच्या वेळी, त्या चौघीजणी आल्या. पुढे बटणवाली होती. बाकडं आधीच भरलेलं, म्हणून दोघी उभ्याच राहिल्या. काकांनी विचारलं, "काय काम आहे?" त्यांतली थोरली म्हणाली, "वकीलपत्र द्यायचंय. कुलपाबद्दल मालकाविरुद्ध आमचं काम बाईंनीच चालवायचं."

त्या आत आल्या. बाईंनी सवयीने सांगितलं, "काका, पंखा." काकांनी बटण दाबलं आणि मी जीव तोडून खडखडू लागलो. या वेळी एक अक्षर बाहेर जाऊ देणार नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं.

"बंद करा तो," थोरली म्हणाली.

"बाहेर ऐकू जाईल," बाई म्हणाल्या. "भरलंय बाकडं."

"जाऊ दे. कोणी काढून घ्यायला लागलं तेव्हा नव्हतं द्यायचं. आता आमचं आम्ही सांगतोय." मग तिने टिपणकडे पाहिलं. "ही पोर आमच्यासाठी उभी राहिली. हिने आमची तोंडंसुद्धा पाहिली नव्हती ग! आणि आम्ही काय लपून बसायचं?"

मालक काय काय करू शकतो ते बाईंनी एकेक करून स्पष्ट सांगितलं, काही लपवलं नाही. चौघींनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. मग बाईंनी स्वतः उठून मला बंद केलं. खोली गप्प झाली. पलीकडे बाकड्यावरची कुजबुजही थांबली. थोरलीने खुर्ची पुढे ओढली आणि आपलं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, खणखणीत आवाजात सांगितलं. तिच्यामागून दुसरीने, मग तिसरीने, आणि अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याच्या बायकोने तर दोनदा सांगितलं, नीट लिहिलं जावं म्हणून. टिपण लिहून घेत होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी कागदावर पडत होतं आणि ती बाहीने ते टिपत होती.

मित्रांनो, त्यानंतर बाईंच्या खोलीला जाड भिंत आली, टिपणला सनद मिळाली आणि मी कपाटावर गेलो. मला कोणी पुसलं नाही तरी चालेल. पण तुम्हाला कोणी विश्वासाने काही सांगितलं, तर ते सांभाळा. आणि दुसऱ्याचं सांभाळताना जो एकटा पडतो, त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा, मग त्याच्याशी तुमचं पटो वा न पटो. त्या चौघींनी आपली नावं त्या दिवशी साऱ्या इमारतीला ऐकवली, ती मला अजून पाठ आहेत. पण तुम्हाला ऐकायची असतील तर त्यांनाच विचारा. त्या सांगतील.